पापणीवरचं अंडं

काचेपलीकडे एक मांजर झोपलं होतं. पाय पोटाशी, शेपटी नाकावर… आणि ज्या लाकडी पेटीवर ते झोपलं होतं तिच्या छोट्याशा खिडकीतून पिवळा उजेड येत होता. तैवानातल्या आमच्या लोतोंगच्या बाजारात त्या दिवशी आमचा नेहमीचा हिवाळी पाऊस होता. थेंब दिसत नाहीत, पण बाही मात्र भिजत जाते, तसला. मी दुकानांपुढच्या छताखाली उभी होते. हातात बदकाच्या अंड्यांची टोपली, टोपलीवर बाबांचा जुना स्वेटर. आणि मला, खरं सांगते, त्या मांजराचा हेवा वाटला.

"आत या ना," कुणीतरी म्हणालं. "मांजराला विचारलंय मी. त्याची काही हरकत नाही."

दारात एक तरुण उभा होता. केस अजून लष्करातल्यासारखे आखूड, कान थंडीने लाल.

"मी काही घ्यायला आले नाही," मी म्हणाले.

"काय?" तो पुढे वाकला. माझं बोलणं ऐकायला तेव्हा सगळ्यांनाच पुढे वाकावं लागे.

"मी… काही घ्यायला नाही आले."

"मग द्यायला आलात?" त्याने टोपलीकडे पाहिलं. "खारवायची अंडी आम्ही घेत नाही. पलीकडे, तिसरं दुकान."

"ही खायची नाहीत."

बस, एवढंच म्हणाले, आणि माझे डोळे भरून आले. अनोळखी माणसासमोर! मी स्वेटर सारखा करायच्या निमित्ताने मान खाली घातली. त्याने फक्त मांजराला उचलून बाजूला केलं आणि म्हणाला, "इथे हात ठेवा. गरम आहे."

मी ठेवला.

बाबा त्याच वर्षी शरदात गेले. त्यानंतरच्या तुफानात नदी चढली आणि कळप वाहून गेला. उरल्या त्या थोड्या म्हाताऱ्या बदकी. आमची बदकं काही कधी अंड्यावर बसत नाहीत, खुडूक कोंबडीचं धीराचं काम त्यांना जमत नाही. म्हणून अंडी नेहमी उबवणी केंद्रात जायची. त्या सकाळी तिथला माणूस माझ्या टोपलीकडे बघून हसला होता. "पोरी, एवढ्यासाठी मी भट्टी पेटवू? आणि नव्या वर्षाच्या तोंडावर?"

आईने मात्र आधीच सांगून टाकलं होतं. नव्या वर्षाच्या दुसऱ्या तिथीला लेकी माहेरी जातात. आईचं माहेर ताइपेईला. मोठे मामा गाडी घेऊन येतील, त्या गाडीतून मीही जायचं, आणि मामांच्या छत्र्यांच्या कारखान्यात शिवणावर बसायचं ते तिथेच राहायचं. "तोपर्यंत कळप उभा राहिला तर राहा बाई. नाही राहिला तर बदकांची शेड विकायची. मी एकटी काय काय करू?" आई रागाने नव्हती बोलली. म्हणूनच मी टोपली भरून निघाले होते.

यातलं थोडंसं मी त्याला सांगितलं. थोडंसंच. पण तो एकदम कामाला लागला.

"मग हे उबवणी यंत्र बघा! यात सगळं आपोआप. अंडी आपली आपणच वळतात, पंखा आहे, घंटी आहे. तुम्ही नुसतं शेंगा खात बघत बसायचं."

मी टोपलीतून एक अंडं काढून त्या चकचकीत यंत्राच्या खळग्यात ठेवलं. ते अर्धं वरच राहिलं, लहान मुलाच्या खुर्चीत जाडा माणूस बसावा तसं.

"हे कोंबडीच्या मापाचं आहे," मी म्हणाले.

त्याने अंडं उलटं करून पाहिलं. आडवं करून पाहिलं. "थोडंसं… दाबलं तर?"

मी त्याच्याकडे पाहिलं.

"नको," तो स्वतःच म्हणाला.

मग थर्माकोलची पेटी. हलकी, ऊब छान धरणारी, पण आत पंखा नव्हता. वरच्या थराला ताप आणि खालच्याला थंडी. शिवाय एकदा पिल्लं निघाली की तो वास थर्माकोलमधून जन्मात जात नाही. राहिली मांजराची लाकडी पेटी. आत छोटा पंखा, तळाशी पाण्याचं ताट, समोर काच, उष्णता एकसारखी राखणारी थर्मोस्टॅटची चकती. अंडी मात्र हाताने वळवायची.

"तुम्ही यात पिल्लं काढली आहेत?" मी विचारलं.

"भरपूर."

मी गप्प राहिले. माझं गप्प राहणं जरा लांब असतं म्हणतात.

"एकही नाही," तो म्हणाला. "दुकान काकाचं आहे. मी गेल्या महिन्यापर्यंत रणगाड्यांना तेलपाणी करत होतो. पण हे मांजर सबंध हिवाळा या पेटीवर झोपतंय आणि कधी गारठून उठलं नाही, हे मी शपथेवर सांगतो."

"शपथ नका घेऊ," मी घाबरून म्हणाले. "मी विचारून सांगते."

"आईला?"

"माझू मातेला."

"त्यांना थर्मोस्टॅट कळतो?"

मला राग यायला हवा होता. पण त्याने ते इतक्या मनापासून विचारलं होतं…

"त्यांना अख्खा समुद्र कळतो," मी म्हणाले. "पेटी ती केवढी."

तो हसला. दाराशी पोहोचेपर्यंत मला ते पाठीवर जाणवत राहिलं.

तेव्हा मी सगळंच माझू मातेला, आमच्या समुद्राच्या देवीला, कौल लावून विचारायची. गोधड्या कधी धुवायच्या, मुळ्याचं लोणचं आज घालू का उद्या. देव्हाऱ्याच्या खणात अर्धचंद्रासारखे दोन लाकडी तुकडे असत. एक बाजू सपाट, एक फुगीर. हात जोडून प्रश्न विचारायचा आणि ते जमिनीवर टाकायचे. एक सपाट, एक फुगीर पडला की होकार. दोन्ही फुगीर, नकार. आणि दोन्ही सपाट पडले तर… देवी हसली.

त्या संध्याकाळी मी विचारलं, लाकडी पेटी घेऊ का? देवी हसली. परत विचारलं. परत हसली! मी चूळ भरली, हात धुतले, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी तोंडाने पेटी म्हणत होते, पण मनात लाल कान होते. मन आवरून नुसतं पेटीचंच विचारलं, तेव्हा कुठे होकार आला.

आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "एवढा वेळ? पेटी घेतेयस का नवरा?"

दुसऱ्या दिवशी तो स्कूटरवरून पेटी घेऊन आला. भर पावसात. रेनकोट पेटीला घातलेला आणि हा नखशिखांत भिजलेला.

"अहो, तुम्ही का नाही घातला?"

"हिला पाणी लागलं तर वॉरंटी जाते," तो कुडकुडत म्हणाला. "मला कुठे आहे वॉरंटी."

त्याचं नाव ज्येन कुओ-दोंग. मी माझं सांगितलं, यो बी-युन. आईने त्याला आल्याचा गरम काढा दिला आणि तो पीत असताना त्याला आपादमस्तक असं न्याहाळलं की तो दोनदा ठसकला.

पेटी कुठे ठेवायची हे मी ठरवूनच ठेवलं होतं. देव्हाऱ्याच्या बाजूच्या चौरंगावर. तिथे वारा लागत नाही, ऊन येत नाही, आणि मुख्य म्हणजे देव्हाऱ्याचे दोन लाल दिवे जिथून वीज घेतात तो बोर्ड तिथे होता; दिव्यांच्या त्याच प्लगवर पेटीही लागत होती. "घरातले बाकीचे प्लग कुणीही काढतं," मी त्याला समजावलं. "पंख्याचा, रेडिओचा. हा मात्र वर्षभर कुणी हात लावत नाही. देवापुढचा उजेड आहे ना."

"हुशार आहात!" तो म्हणाला.

आम्ही दोघंही किती हुशार होतो ते पुढे कळलंच.

एक दिवस पेटी रिकामी चालवली, तापमान स्थिर होईतो. ताटात कोमट पाणी भरलं. मग हात धुऊन, नमस्कार करून, एकेक अंडं आत ठेवलं. प्रत्येकाच्या एका अंगावर पेन्सिलने गोल, दुसऱ्या अंगावर फुली. पहाटेची उदबत्ती लावली की वळवायची, दुपारी वळवायची, सांजेच्या उदबत्तीला वळवायची. तीनदाच, म्हणजे आदल्या रात्री जी कूस खाली होती ती पुढच्या रात्री वर येते. बाबा म्हणायचे, माणसाला तरी एका कुशीवर किती झोपवतं.

आणि कुओ-दोंग येऊ लागला. "तपासणीला." काकाच्या दुकानाचा नियमच आहे म्हणे, पेटी दिली की तपासणी. थर्मामीटर बघायचा, पाणी बघायचा, पंख्याला कान लावायचा. मग अर्धा तास काहीच नाही बघायचा.

"पलीकडच्या घरी त्यांनी तुमच्याकडून पाण्याचा पंप नेला ना?" आईने एकदा विचारलं. "त्याची तपासणी केव्हा असते?"

"पंप… पंप चांगला असतो, मावशी," तो म्हणाला. "त्याला काही होत नाही."

एकदा सकाळी त्याने कांदापातीची गरम पोळी आणली, तेलाने कागद पारदर्शक झालेला. मी हात मागे घेतला. दुपारपर्यंत मी शाकाहारी असते, आणि व्रताला कांदाही चालत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"कांदासुद्धा नाही? कांद्याने कुणाचं काय वाईट केलंय?"

"कुणाचंच नाही. मी शब्द दिलाय, एवढंच."

"कधीपर्यंत?"

"कधीपर्यंत म्हणजे? रोज."

तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. चेष्टा करेल असं वाटलं होतं. नाही केली. दुसऱ्या दिवशी गरम सोयादूध आणि तिळाची पोळी आली. "पोळीवालीला तीनदा विचारलं, कांदा नाही ना, कांदा नाही ना. तिसऱ्यांदा झारा उगारला तिने माझ्यावर."

आठवड्याने अंडी उजेडात बघायची वेळ झाली. आमची कोठी दिवसाही काळोखी असे. मी आतला पेंढा बाजूला केला, दार लोटलं, बॅटरीच्या तोंडाला पुठ्ठ्याची नळी लावली. तो म्हणाला, तपासणीच्या नियमात हेही येतं. कोठी लहान होती. त्याच्या स्वेटरला पावसाचा आणि स्कूटरच्या तेलाचा वास होता.

मी अंडं नळीवर ठेवलं. ते आतून तांबूस पेटलं. मध्ये एक काळा ठिपका, आणि त्याच्यापासून चहूकडे गेलेल्या केसासारख्या लाल रेषा.

"हे काय आहे?" तो कुजबुजला.

"शिरा."

"आणि तो ठिपका… हलला! बी-युन, तो हलला! बघितलंस तू?"

'तू' म्हटल्याचं त्याच्या ध्यानातही आलं नाही. माझ्या मात्र आलं. मी दुसरं अंडं उचलताना हात जरा सावकाश नेला.

काही अंडी कोरी निघाली, नुसता पिवळा उजेड. ती मी आईला खायला वेगळी ठेवली. ज्यांत जीव धरून विझला होता ती पपनसाच्या झाडाखाली पुरायची. तो एका अंड्यावर पेन्सिलने डोळे काढू लागला तशी मी त्याचा हात धरला.

"नको. चेहरा दिला की ते आपलं होतं. नाही निघालं तर फार रडू येतं."

त्याने पेन्सिल ठेवून दिली. हात मात्र सोडवून घेतला नाही. मग मीच घेतला.

"तुझे बाबा थर्मामीटर वापरायचे?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"बाबांच्या लहानपणी कुठला थर्मामीटर? साळी कढईत गरम करायच्या, पिशव्यांत भरायच्या, टोपलीत एक थर साळी एक थर अंडी. आणि ताप बघायचा पापणीवर."

"पापणीवर?"

"हाताला कळत नाही. हात कामाने जाड होतात. पापणी कधी जाड होत नाही." मी एक अंडं घेतलं. "डोळे मिटा."

त्याने मिटले. मी अंडं हलकेच त्याच्या पापणीवर टेकवलं. त्याचा श्वास थांबला, पापणीखाली डोळा थरथरला.

"गरम, का कोमट?"

"कळलं नाही."

"बरं, आता?"

"आता पण नाही." ओठांच्या कोपऱ्यात हसू. "दुसऱ्या डोळ्यावर ठेवून बघ बरं…"

कोठी आता नाही. तिथून रस्ता गेला. पण अजून कधी भर दुपारी अंधारून आलं की मला तो पेंढ्याचा वास येतो, आणि पुठ्ठ्याच्या नळीतून आलेल्या तांबूस उजेडात दिसणारी त्याची लांब, सरळ पापणी.

बाराव्या महिन्याची चोविसावी तिथी आली. त्या दिवशी घरोघरचे देव वर आकाशात जातात, वर्षभराचा हिशोब सांगायला. नव्या वर्षाच्या चौथीला परत येतात. आम्ही पहाटे गोडाचा नैवेद्य ठेवला, चुलीच्या देवाच्या ओठांना साखरपाक लावला की वर गेल्यावर गोड बोलावं, देवांना वर जायला कागदाचे घोडे जाळले. माझू मातेला मी मनातल्या मनात सांगितलं, पिल्लांचं बघ. मग म्हाताऱ्या बदकींना चारा घालायला नदीकडे गेले आणि तिथून देवळात, भांडी घासायला.

दुपारी परत आले तर घरात ओल्या राखेचा वास. देव्हारा लख्ख झालेला, उदबत्तीचं भांडं चाळून ठेवलेलं. आई मागच्या दारी तांदळाच्या वड्यांचं पीठ चेपत होती.

पेटीच्या काचेत अंधार होता.

वर्षभर जो प्लग कुणी काढत नाही तो एका दिवशी काढतात. देव घरी नसताना. दिव्यांची काजळी पुसायला. हे काय मला ठाऊक नव्हतं? लहानपणापासून दर वर्षी तो प्लग मीच तर काढत आले होते.

"आई…"

ती हात पुसत आली, माझं तोंड पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि तिथेच चौरंगाच्या कडेला खाली बसली. "सकाळी," ती म्हणाली. "तू गेलीस आणि लगेच. मग बाजूची हाक मारायला आली, आणि मी… अगं, मी विसरले गं."

मी झाकण उघडलं. अंडं पापणीला लावलं. नदीतल्या दगडासारखं.

सवयीने माझा हात खणाकडे गेला. कौल. जिवंत आहेत का? उबवू का पुन्हा? का आता त्यांना छळू नको? खण उघडला आणि थांबले.

"ती गेली ना सकाळी," आई हळूच म्हणाली.

हो. घरात कुणी नव्हतं विचारायला. फक्त बाबांच्या नावाची पाटी होती, कारण पितर कुठेच जात नाहीत.

दाराशी स्कूटर थांबली. "तपासणी!" असं गात तो आत आला आणि आम्हा दोघींना बघून गप्प झाला. मग काच बघितली.

"मेली?" त्याने विचारलं.

"माहीत नाही."

"मग विचार ना मातेला."

"ती नाहीये." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "साळी काढ. कोठीतलं पोतं. आई, मोठी कढई. प्लग लाव आधी! पेटीला तापायला वेळ लागेल, तोवर हाताने ऊब द्यायची."

मी इतकं सलग कधी बोलले नव्हते. दोघंही पळाली.

कढईत साळी परतल्या, त्यांचा तो भाजका, गोड वास घरभर झाला. जुन्या उशांच्या अभ्र्यांत भरल्या. बांबूच्या टोपलीत एक थर, मग अंडी, मग थर, वर दोन गोधड्या. दर थोड्या वेळाने वरचं खाली, खालचं वर, आणि प्रत्येक पिशवी आधी पापणीला. एका डोळ्याला माझ्या, एका त्याच्या.

"ही?"

"फार गरम."

"ही?"

"ही… आंघोळीनंतरच्या कानासारखी."

"तेवढीच हवी. ठेव."

आई कढईपाशी बसून परतत राहिली. साळी संपल्या तशा शेजारून मागून आणल्या. संध्याकाळी पेटीची चकती टक् करून वाजली, ताप भरला. आम्ही अंडी परत आत ठेवली. कळायला काही मार्ग नव्हता. हाताळून हाताळून त्यांना आता अंधारातच राहू द्यायचं होतं.

तो अंगणात हात धूत होता. मी पाणी घालत होते.

"नाही निघाली तर तू जाशील?"

"आईचा शब्द आहे."

"आणि तुझा?"

तांब्यातलं पाणी संपलं. मी रिकामा तांब्याच धरून राहिले.

"तू जाऊ नयेस असं… मला वाटतं," तो म्हणाला. कान पुन्हा लाल. "हे मी दुकानाकडून नाही म्हणत."

"मला विचारावं लागेल."

"कोणाला? चौथीपर्यंत देव्हाऱ्यात कुणी नाही, आणि गाडी येणार दुसरीला." तो हसायला बघत होता, जमत नव्हतं. "मी मातेशी भांडत नाहीये हं. तिने हो म्हटलं तर मला आवडेल. पण मला… तुझं ऐकायचंय, बी-युन."

तो थोडा थांबला, मग स्कूटर ढकलत फाटकापर्यंत नेली, आणि तिथे जाऊन सुरू केली.

नंतरचे दिवस तो आला नाही. शेवटी शेवटी अंडी वळवायची नसतात, पेटी उघडायचीही नसते. ताटात पाणी जास्त ठेवायचं आणि वाट बघायची. मी उदबत्ती लावायची ती रिकाम्या देव्हाऱ्यापुढे. रोजचा नेम आहे, तो काही मोडायचा नाही. पण डोळे मिटले की प्रश्न देवीकडे जाईना. पापणीशीच घुटमळे.

वर्षाच्या पहिल्या दिवशी पहाटे फटाके थांबले, आणि पेटीतून आवाज आला.

टिक्.

आई नव्या लाल स्वेटरात माझ्या शेजारी येऊन उकिडवी बसली. एका अंड्याला बारीक तडा होता. तड्यातून इवलीशी चोच, दमून थांबलेली. मग परत टिक्. वर्षाच्या पहिल्या दिवशी घरात काही फुटू नये म्हणतात. फुटलंच तर लगेच शांतीचे शब्द म्हणायचे. आई सवयीने पुटपुटली, "फुटलं फुटलं, वर्षभर शांती." दुसरं फुटलं. "फुटलं फुटलं, वर्षभर शांती." तिसरं. चौथं. आई म्हणत गेली आणि तिचे डोळे वाहत गेले, आणि केर काढायचा नसतो म्हणून टरफलं तशीच आमच्या पायाशी पडत राहिली.

सकाळी उशिरा तो आला. नव्या वर्षाची भेट, हातात दोन संत्री, नवा शर्ट, पाण्याने बसवलेले केस. दारातच थांबला.

"तपासणी नाही," तो घाईने म्हणाला. "नुसतं शुभेच्छा द्यायला…"

टोपलीत पिवळीधमक, ओली, एकमेकांवर पडणारी पिल्लं चिवचिवत होती. मी पेटीत शेवटचं पाहिलं. अर्ध्याहून जास्त अंडी गप्प होती.

आईने टोपलीवरून हात फिरवला. "गोड आहेत गं," ती म्हणाली. मग, बऱ्याच वेळाने, "पण एवढ्यांचा कळप होत नाही, बी-युन. उद्या गाडी येईल. मी तुझी पिशवी भरून ठेवली आहे."

तो संत्री घेऊन तसाच उभा होता. माझ्याकडे बघत नव्हता. मुद्दाम नव्हता बघत, हे मला कळलं.

"मी उद्या गाडीत बसणार नाही," मी म्हणाले.

पिल्लंसुद्धा गप्प झाली असतील, इतक्या मोठ्याने.

"काय?" आई.

"ही मी वाढवीन. पुढच्या उन्हाळ्यात हीच अंडी देतील, ती उबवीन. पेटी आहे. एका वर्षात नाही, दोन वर्षांत होईल कळप. शेड विकू नकोस."

"कुणाला विचारलंस हे?"

"कुणालाच नाही."

आई माझ्याकडे बघत राहिली. जन्मापासून ओळखत असलेल्या माणसाकडे अचानक नीट बघावं तसं.

"एवढं सगळं बदकांसाठी?"

"बदकांसाठी," मी म्हणाले. आणि मग… पुढचं वाक्य गळ्याशी येऊन थांबलं. टरफलाला आतून चोच लावून थांबतात ना, तसं. त्याची बोटं संत्र्यात रुतत चालली होती.

"आणि याच्यासाठी."

बाहेर कुठेतरी उशिराचा एक फटाका उडाला.

"ऐकलंस का रे?" आईने त्याला विचारलं.

"हो मावशी," तो म्हणाला. "शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल."

"मग उभा काय? ती संत्री दे इकडे, रस काढलास तू त्यांचा. आणि कोमट पाणी आण पिल्लांना. मोठ्या मामांना काय सांगायचं ते मी बघते." ती उठली, आणि स्वैपाकघराकडे जाता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवून गेली. हाताला अजून भाजलेल्या साळीचा वास होता की मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

तो माझ्याजवळ आला. मग खाली बसून एक पिल्लू उचललं आणि माझ्या मिटलेल्या डोळ्याला हलकेच टेकवलं.

"गरम, का कोमट?"

"हं… कळलं नाही," मी म्हणाले.

चौथीला देव परत आले. मी नवे कपडे घातले, फळं मांडली, लाल दिवे लावले. मातेसमोर गुडघे टेकून रीतीप्रमाणे आधी माझं नाव सांगितलं, मग गाव, मग गल्ली. मग सगळं सांगितलं. पिल्लांचं, शेडचं, त्याचं. विचारलं काहीच नाही. भीती वाटली थोडी, लपवत नाही. वर बघितलं तर तिचा चेहरा नेहमीसारखाच शांत होता.

अंगणात तो पिल्लांना पहिल्यांदाच परातीतल्या पाण्यात सोडत होता. "बी-युन! लवकर ये! अगं, हे बुडतंय… नाही, नाही, पोहतंय! पोहतंय गं!"

उदबत्ती अजून अर्धीसुद्धा जळली नव्हती. ती संपेपर्यंत मी कधी जागची हलत नसे. त्या दिवशी मी मातेला नमस्कार केला, म्हटलं आलेच हं, आणि उठून धावत बाहेर गेले.